साडेपाचच्या एसटीपर्यंत

जुलैची दहा तारीख उलटली की यशवंत पांढरीपांडे यांच्या अंगात येतं, असं त्यांची बायको सरोज भोपाळमधल्या सगळ्या बरखेड्याला सांगून मोकळी झाली होती. एरवी हा माणूस रिटायर झालेल्या कुठल्याही माणसासारखाच. सकाळी दूध आणायचं, पेपर वाचायचा, पेपरातल्या बातम्यांवरून सरकारला शिव्या द्यायच्या आणि वरणभात खाऊन आडवं व्हायचं. पण ती दहा तारीख उलटली की पलंगाखालची लोखंडी पेटी बाहेर यायची. पान्यांना तेल लागायचं, जुन्या बनियनच्या चिंध्या नीट घडी होऊन पेटीत बसायच्या आणि सासष्ट वर्षांचा हा गृहस्थ शीळ घालत घरभर फिरायचा. शीळ बेसूर असायची. अलीकडे तर फारच बेसूर.

कामही तसंच जगावेगळं होतं. गोविंदपुऱ्यातल्या एका कंपनीत यशवंतरावांची अडतीस वर्षं गेली. कंपनी बर्फाच्या कारखान्यांची मशिनं बनवायची आणि ती घेणारी गिऱ्हाइकं सगळी कोकणच्या किनाऱ्यावर, भोपाळहून हजारेक किलोमीटर लांब. जून आणि जुलै समुद्रात जायला बंदी. बोटी वर ओढलेल्या, बर्फाचे कारखाने बंद. एक ऑगस्टला बंदी उठते आणि त्या दिवशी प्रत्येक बोटीला बर्फ लागतो, कारण बर्फ नसेल तर पकडलेला मासा संध्याकाळपर्यंत फेकून द्यावा लागतो. म्हणून त्याआधी कुणीतरी भर पावसात गावोगाव जाऊन मशिनं उघडायची, साफ करायची आणि चालू करून द्यायची. ते कुणीतरी म्हणजे आमचे यशवंतराव. आयुष्यात माशाचा तुकडा तोंडात घातला नाही, पण निम्म्या किनाऱ्याचे मासे या माणसाच्या भरवशावर ताजे राहिले. साठाव्या वर्षी कंपनीनं हार घालून घरी पाठवलं, तरी जुलैचा दौरा त्यांच्याकडेच राहिला. कोकणातले कारखानदार दुसऱ्या कुणाला दारात उभंच करत नव्हते.

याचं कारण होतं एक लांब स्क्रूड्रायव्हर. शिसवी मुठीचा, यशवंतरावांच्या हाताचा घाम पिऊन काळा झालेला. चालत्या मशीनवर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात यशवंतराव सांगायचे की कुठला बेअरिंग गेला आहे, कुठली झडप थकली आहे. कंपनीच्या तपासणीच्या फॉर्मवर ‘आवाज’ असा एक रकाना होता. बाकीचे रकाने मीटर बघून कुणीही भरावेत, पण ‘आवाज’ यशवंतरावांनी भरला की कारखानदार निर्धास्त व्हायचा.

आणि नेमके तेच कान आता दगा देत होते.

यशवंतरावांना हे ठाऊक होतं, आणि नव्हतंही. तीन वर्षांपूर्वी सरोज त्यांना टी. टी. नगरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरनं कानावर हेडफोन चढवला, हातात एक बटण दिलं आणि म्हणाला, शिट्टी ऐकू आली की दाबा. यशवंतराव बटण धरून बसले. बसले, बसले, बसलेच. शेवटी डॉक्टरनं हेडफोन काढला तेव्हा ते म्हणाले, “अरे भाई, सुरू तर करा!” डॉक्टर म्हणाला, “काका, तपासणी संपली.”

मुलानं बंगळूरहून कानात घालायचं महागडं यंत्र पाठवलं. यशवंतरावांनी ते डबीसकट पेटीच्या तळाशी, पॉलिश पेपरच्या खाली सारून दिलं. आयुष्यभर मशीनचं दुखणं ओळखणाऱ्या माणसानं कानात मशीन घालून फिरायचं? लोक काय म्हणतील! बायकोचं बोलणं नीट येत नाही, हे त्यांना मान्य होतं. टीव्ही येत नाही, मान्य. फोनवर तर समोरचा काय बडबडतो काही कळत नाही, म्हणून ‘इथं रेंज नाही’ एवढं सांगून ते फोन ठेवून देत. “पण मशीन?” ते स्वतःला सांगायचे, “मशीन मला ऐकू येऊनच राहिली आहे. त्या डबड्यातल्या बारीक शिट्ट्यांचा आणि मशीनचा काय संबंध?”

कंपनीचे तरुण मालक अंबरीश यांनी यंदाही विषय काढला होता. “काका, शमिकाला घेऊन जा सोबत. पोरगी हुशार आहे, शिकेल.” शमिका म्हणजे दोन वर्षांपूर्वी लागलेली इंजिनियर. यशवंतरावांनी सपशेल नकार दिला. “मी काय उद्या मरून राहिलो आहे का?” खरं कारण वेगळं होतं. शमिकाला बरोबर न्यायचं म्हणजे शेजारी चांगले कान घेऊन हिंडायचं. मग आपले कान उघडे पडणार आणि पुढच्या जुलैत आपण बरखेड्याच्या बागेत बाकावर बसणार, ही त्यांची भीती होती.

तर असे ते एकटेच हबीबगंजला गाडीत बसले. स्टेशनचं नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी रिक्षावालाही हबीबगंजच म्हणतो आणि यशवंतरावही. कल्याणला उतरून दुसरी गाडी, मग एसटी, मग आणखी एक एसटी. पाऊस असा लागला होता की खिडकीबाहेर झाडं आहेत की नुसतं पाणी, हे समजत नव्हतं. दोन गावांची कामं उरकून तेवीस तारखेला ते खारवण्याला पोचले.

खारवणे म्हणजे खाडीच्या तोंडावरचं चारपाचशे घरांचं गाव. घरं एकमेकांना खेटून, अंगणात उलट्या पाडलेल्या होड्या, व्हरांड्यात जाळी विणत बसलेली माणसं. आणि वस्तीच्या अगदी मधोमध रत्नप्रभा चौगुले यांचा बर्फाचा कारखाना. कारखाना कसला, पत्र्याची एक लांब शेड. आत मिठाच्या पाण्याची टाकी, त्या टाकीत बुडवलेले डबे आणि डब्यांत गोठणाऱ्या लाद्या. कोपऱ्यात कंपनीचा जुना तीन सिलिंडरचा कॉम्प्रेसर, अमोनियावर चालणारा.

रत्नप्रभाबाईंचे यजमान शांताराम म्हणजे यशवंतरावांचे दोस्त. दोन वर्षांपूर्वी शांताराम गेले. तेव्हापासून साठीची ही बाई एकटी कारखाना चालवत होती. गावच्या बावीस बोटी तिच्याकडून बर्फ घ्यायच्या. तासाभरावरच्या मोठ्या बंदरात नवा, चकाचक कारखाना निघाला होता आणि त्याची माणसं गावात येऊन बोटवाल्यांना चहा पाजून गेली होती. पहिल्याच दिवशी रत्नप्रभाबाईंचा बर्फ चुकला असता, तर बावीसच्या बावीस बोटी तिकडे वळल्या असत्या आणि पुन्हा काही आल्या नसत्या.

“या भावजी!” बाई दारातूनच ओरडल्या. “भोपाळचा पाऊस आणलात की काय? आमचा काय कमी होता?”

“आमच्याकडे तलाव आहेत वहिनी, पाऊस तुमच्याकडनं उधार नेतो आम्ही,” यशवंतराव म्हणाले. बाई मोठ्यानं बोलत होत्या, समोर तोंड करून बोलत होत्या, त्यामुळे सगळं कळत होतं. त्यांना बरं वाटलं.

दिवसभर त्यांनी मशीन उघडून, पुसून, तेल बदलून पुन्हा बसवलं. तीन सिलिंडरांपैकी दोनांच्या झडपा काढून पाहिल्या. तिसऱ्याचं, अगदी मागच्याचं, डोकं आवळून बसलं होतं, आणि गेल्याच वर्षी त्यात नवी झडप घातली होती, म्हणून तेवढं राहू दिलं. मग शेवटचा विधी. गंधकाची वात पेटवून प्रत्येक जोडापाशी फिरवायची. कुठून अमोनिया गळत असेल तर वातीचा धूर पांढराधोप होतो. भोपाळचा माणूस गॅसचं काम करतो म्हटल्यावर कोकणात कुणीतरी विचारायचंच, त्या वर्षी तुम्ही तिथंच होता काय? यशवंतराव हो म्हणायचे आणि विषय बदलायचे. पण वात फिरवल्याशिवाय त्यांनी आजवर एकही कारखाना सोडला नव्हता.

सगळे जोड सुके निघाले. मशीन चालू झालं. यशवंतरावांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. आणि त्यांचा चेहरा उजळला. काय वाजत होती मशीन! गेल्या वर्षीपेक्षा मऊ, त्याच्या आदल्या वर्षीपेक्षा तर कितीतरी मऊ. नुसती खोल, गोड घरघर. जुनी होते तशी ही सुधरून राहिली आहे, असं त्यांना वाटलं आणि अभिमानानं छाती भरून आली.

“बढिया!” ते म्हणाले. “एकदम फर्स्टक्लास.”

रत्नप्रभाबाई मान वाकडी करून उभ्या होत्या. “भावजी, टिकटिक येतेय.”

“काय?”

“टिकटिक. मागच्या सिलिंडरात. बारीक हाय, पण येतेय.”

यशवंतरावांनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला, मागच्या सिलिंडरावर. पुन्हा तीच गोड घरघर. “पत्र्यावरचा पाऊस आहे तो वहिनी.”

“पाऊस आता पडायला लागला. टिकटिक आधीपासून हाय.”

आता यशवंतरावांचं डोकं सणकलं. एक तर दिवसभराची दमणूक, त्यात अडतीस वर्षांत कुणी त्यांच्या ‘आवाज’वर शंका घेतली नव्हती. “वहिनी,” ते म्हणाले, “तुम्ही बर्फ विका. मशीनचं मला कळतं. टिकटिक असती तर मला ऐकू आली नसती का?”

बाईंनी एकदा त्यांच्या कानांकडे पाहिलं. यशवंतरावांनी फॉर्म काढला, ‘आवाज’च्या रकान्यात ‘उत्तम’ लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. रात्रीच्या जेवणात बाईंनी त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर काळ्या वाटाण्याची आमटी केली होती. दोघांनी शांतारामच्या आठवणी काढल्या. टिकटिकचा विषय कुणी काढला नाही.

सकाळी नऊच्या एसटीनं ते पुढच्या गावाला निघाले. पेटी पायाशी, जागा ड्रायव्हरच्या अगदी मागची. गाडी जुनी होती, दोरीच्या घंटीची. कंडक्टर मागून दोरी ओढतो, ड्रायव्हरच्या डोक्यावरची पितळी घंटी वाजते. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

दोन थांबे गेले. यशवंतरावांना वाटलं, हा कंडक्टर काय न वाजवताच गाडी चालवतोय? ड्रायव्हर आपला मनानं थांबतोय, मनानं निघतोय. तिसऱ्या थांब्यावर त्यांनी सहज वर पाहिलं. घंटी त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती. दोरी ताणली गेली. घंटीचा छोटा हातोडा उचलला गेला, पितळेवर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. गाडी निघाली.

यशवंतरावांना काहीही ऐकू आलं नव्हतं.

इंजिनची घरघर ऐकू येत होती. चाकांखालच्या पाण्याचा जाड आवाज येत होता. फक्त तो टिंग तेवढा नव्हता. पुढच्या थांब्याला ते वर टक लावून बसले. हातोडा एकदा आपटला. गाडी थांबली. हातोडा दोनदा आपटला. गाडी निघाली. घंटी मुकी होती आणि अख्ख्या गाडीत ती एकट्या यशवंतरावांनाच मुकी होती.

टीव्ही, फोन, सरोजचं बोलणं, डॉक्टरच्या शिट्ट्या, या सगळ्याला त्यांच्याकडे उत्तर होतं. या घंटीला उत्तर नव्हतं. मशीन दर वर्षी गोड का होत चाललं आहे, ते आता त्यांना समजलं. मशीन सुधारत नव्हतं. कटकट, टिकटिक, चरचर, मशीनचं जे जे दुखणं बारीक आवाजात बोलतं, ते सगळं गाळून नुसती घरघर त्यांच्या कानात शिरत होती. आणि ते तिच्यावर ‘उत्तम’ अशी सही करत होते.

मागच्या सिलिंडरात टिकटिक. न उघडलेल्या सिलिंडरात. म्हणजे झडपेची पट्टी तडकलेली असणार. आज ना उद्या तुकडा पडणार, पिस्टनखाली येणार, सिलिंडरचं डोकं फुटणार आणि आतला विषारी अमोनिया बाहेर. शेडच्या भिंतीला लागून बाईंची खोली आणि शेजारचं पहिलं घर तीस पावलांवर.

“गाडी थांबवा!” ते इतक्या जोरात ओरडले की ड्रायव्हरनं घंटीची वाटच पाहिली नाही.

ते उतरले तो एक निर्मनुष्य तिठा होता. पाऊस धो धो. पेटी अठरा किलोची. ती डोक्यावर घेऊन ते खारवण्याच्या दिशेनं चालू लागले आणि चालता चालता स्वतःला शिव्या घालू लागले. मराठीतल्या संपल्या तेव्हा भोपाळच्या काढल्या. मध्येच मनात दुसरंही येत होतं. फोन करून सांगितलं तर? बंद करा म्हणावं मशीन, दुसरा एक जोड बघायचा राहिला, असं काहीतरी कारण सांगावं. कान कशाला मध्ये आणायचे? परत जाऊन खरं सांगितलं की दौरा संपला. खारवण्यात कळलं की आठवड्यात सगळ्या किनाऱ्याला कळणार. पण मोबाईल काढला तर आज खरोखरच रेंज नव्हती, आणि असती तरी पलीकडून बाई काय म्हणतात ते त्यांना ऐकू आलंच नसतं. या विचारानं त्यांना भर पावसात हसू आलं आणि लगेच रडूही.

तासाभरानं सिमेंटच्या पोत्यांचा एक टेंपो भेटला, तोही वाटेत गावोगाव पोती उतरवत जाणारा. दुपारी दोनच्या सुमाराला, नखशिखांत भिजलेले यशवंतराव रत्नप्रभाबाईंच्या शेडच्या दारात उभे राहिले.

मशीन बंद होतं.

बाई आत स्टुलावर बसल्या होत्या, समोर मोबाईल. त्यांना बघून त्या चटकन उठल्या, पण चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांनी दोरीवरचा पंचा ओढून पुढे केला.

“वहिनी, मला ऐकू येत नाही,” यशवंतराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे वाक्य उच्चारलं, आणि आपला आवाज केवढा आहे याचा अंदाज नसल्यामुळे ते इतक्या मोठ्यानं उच्चारलं की बाहेर जाळी विणणाऱ्या दोघांनी माना वळवल्या. “तुमची टिकटिक खरी असणार. मला येत नाही ती. तीन वर्षं झाली. मी सगळ्यांना फसवून राहिलो आहे. स्वतःलाही.”

“आधी डोकं पुसा.”

“मशीन का बंद आहे? बिघडली?”

“मी बंद केली. तुमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी बटण दाबलं.” बाई त्यांच्यासमोर उभ्या राहून, एकेक शब्द सावकाश बोलत होत्या. “या मशीनच्या भिंतीला लागून एकतीस वर्षं झोपले मी. तिचा आवाज बदलला तर मला झोपेत कळतो.”

“मग काल का नाही भांडलात?”

“भांडले असते तर तुम्ही हट्टाला पेटला असता. मला ठाऊक हाय तुमचं कानांचं. गेल्या वर्षीच कळलं. मी मागनं हाक मारली की तुम्ही वळत नाय, पुढनं मारली की हसता.”

यशवंतरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. “कंपनीला फोन केलात?”

“लावायला घेतला होता.” बाईंनी मोबाईलकडे बोट केलं. “मग म्हटलं, एक फोन केला की तुमचा पुढला जुलै गेला. संध्याकाळची साडेपाचची एसटी येऊ दे. त्यातनं उतरलात तर उतरलात. नाय उतरलात तर मग लावते.”

“आणि नसतो उतरलो तर?”

“तर लावला असता,” बाई म्हणाल्या. “बावीस बोटी हायत भावजी.”

एका दिवसाच्या लाद्या या बाईनं वाया जाऊ दिल्या होत्या, हंगामाला आठवडा राहिलेला असताना, आपल्यासाठी. यशवंतरावांनी पंचा तोंडावर धरला आणि बराच वेळ काढला नाही. बाईंनी तेवढ्यात चहा टाकला.

मग मात्र दोघं कामाला लागली. मशीनमधला गॅस त्याच्या साठवणीच्या टाकीत मागे ओढून घेतला, झडपा बंद केल्या, आणि मागच्या सिलिंडरचं आवळलेलं डोकं अर्धा तास तेल पाजून, ठोकून, विनवण्या करून एकदाचं निघालं. आत झडपेची गोल पट्टी होती. यशवंतरावांनी ती उजेडात धरली. केसासारखा तडा, बोटभर लांब. त्यांनी अंगठ्यानं जरा दाबली मात्र, पट्टीचे दोन तुकडे झाले.

त्यांनी ते दोन्ही तुकडे बाईंच्या तळहातावर ठेवले.

“किती दिवस टिकली असती?” बाईंनी विचारलं.

“दोन. जास्तीत जास्त तीन.” यशवंतराव बाहेर व्हरांड्यातल्या माणसांकडे, समोरच्या घरांकडे, दारात पोरांनी मांडलेल्या चिंचोक्यांच्या डावाकडे बघत राहिले. मग उठले आणि पेटीतली नवी पट्टी काढली.

पट्टी बसली, डोकं आवळलं, गंधकाची वात सगळीकडून फिरली. बटण दाबल्यावर यशवंतरावांनी सवयीनं स्क्रूड्रायव्हर उचलला आणि कानापर्यंत नेलेला हात खाली घेतला. शिसवी मूठ त्यांनी बाईंच्या पुढे धरली. तो स्क्रूड्रायव्हर त्यांनी आजवर कुणाला हात लावायला दिला नव्हता, स्वतःच्या मुलालाही नाही.

“इथं टेकवा. मूठ कानामागच्या हाडाला. दाबू नका. डोळे मिटा.”

रत्नप्रभाबाईंनी पदर खोचला, टोक टेकवलं, डोळे मिटले. यशवंतराव त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. परीक्षेचा निकाल ऐकतानाही त्यांना एवढी धाकधूक झाली नव्हती.

“टिकटिक?”

“नाय.”

“चरचर? खडखड?”

“काय नाय. नुसती घरघर. आमचे हे घोरायचे तशी.” बाईंनी डोळे उघडले. ते भरले होते, पण त्या हसत होत्या. “बरी हाय हो तुमची मशीन.”

यशवंतरावांनी कालचा फॉर्म मागून घेतला आणि फाडला. नवा भरला. ‘आवाज’ या रकान्यापाशी ते थांबले. मग स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘रत्नप्रभा शांताराम चौगुले यांनी ऐकला. ठीक.’ आणि पेन बाईंच्या हातात दिलं. “सही करा. ज्यानं ऐकलं त्याची सही लागते.”

बाईंनी सही केली, शाळकरी, मोठ्या अक्षरात. यशवंतरावांनी त्या फॉर्मचा फोटो काढून अंबरीशना पाठवला. खाली लिहिलं, ‘माझे कान गेले आहेत. तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं. चूक झाली. आधीची दोन गावंही परत तपासावी लागतील. तिथे फोन करून मशिनं बंद ठेवायला सांगा. आणि शमिकाला पाठवा, हात माझे चालतात.’ ते पाठवून त्यांनी मोबाईल उलटा ठेवला, कारण उत्तर वाचायचं धैर्य नव्हतं. ते बाईंनी वाचलं आणि मोबाईल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. ‘दोन्हीकडे सांगितलं. शमिका उद्याच्या गाडीनं निघते आहे. काका, तुम्ही तिथेच थांबा. तिला ऐकायला कोण शिकवणार?’

यशवंतरावांनी ते तीनदा वाचलं.

आता एकच फोन राहिला होता. सरोजचा. तो बाईंनीच लावला, स्पीकरवर टाकला आणि मध्ये बसून दुभाष्याचं काम घेतलं. यशवंतराव म्हणाले, “सरोज, माझे कान गेले.”

पलीकडून काहीतरी आलं. बाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या.

“काय म्हणते?”

“म्हणतात, मग मी तीन वर्षं घसा फोडून बोलतेय ती काय गाण्याची तालीम म्हणून?”

पुन्हा काहीतरी आलं. या वेळी बाई हसल्या नाहीत. “म्हणतात, पेटीच्या तळाशी पॉलिश पेपरच्या खाली डबी हाय, ती उघडा.”

यशवंतराव चमकले. डबीची जागा सरोजला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांनी पेटी उपसली. डबी उघडली. यंत्र होतं तसंच होतं, एकदाही न वापरलेलं. पण शेजारी सेलची एक पुडी होती, आणि तिच्यावर सरोजच्या अक्षरात यंदाच्या जुलैची तारीख होती.

“दर वर्षी निघायच्या आदल्या दिवशी नवे सेल घालते, म्हणतात. जुने टाकून देते. न जाणो, एखाद्या वर्षी उघडाल म्हणून.”

यशवंतरावांनी सेलवरची रंगीत चिकटपट्टी काढली. यंत्र कानात बसवायला त्यांना चार वेळा खटपट करावी लागली, कारण भरल्या डोळ्यांना दिसत नव्हतं. मग एकाएकी पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला. तो दिवसभर कोसळतच होता, पण असा थेंबाथेंबानं, तडतडत, त्यांनी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. बाहेर कुणीतरी जाळ्याची सुई दाताखाली धरून गुणगुणत होतं. वळणावर साडेपाचची एसटी आली आणि थांबली. मोबाईलमधून सरोज ओरडत होती, सवयीनं, जीव तोडून, “अहो, ऐकू येतंय का? अहो!”

“हळू बोल,” यशवंतराव म्हणाले. “ऐकू येऊन राहिलं आहे.”